मर्सिडीज डब्ल्यू १३: वेग होता, पण जमिनीपासून नेमक्या उंचीवरच

सलग आठ वर्षे, म्हणजे २०१४ ते २०२१, फॉर्म्युला वनमधले संघांचे विजेतेपद मर्सिडीजकडे होते. २०२२ च्या गाडीला, डब्ल्यू १३ ला, २२ शर्यतींत एक विजय, एक पोल (पात्रता फेरीतले पहिले स्थान) आणि ५१५ गुण मिळाले, आणि संघ रेड बुल (७५९) व फेरारी (५५४) यांच्या मागे तिसरा आला. संघाचा ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनचा एकही विजय नसलेला हा पहिला मोसम. या गाडीबद्दल बोलणारे बहुतेक लोक तिच्या चिंचोळ्या बाजूंवर, म्हणजे 'झिरो-पॉड'वर, येऊन थांबतात. ते पुरेसे नाही. या गाडीचा दोष तिच्या तळाखाली होता. तो सापडायला आणि काढायला इतका काळ का लागला, याचे उत्तर नियमांत आहे. म्हणून हे परीक्षण गाडीचे आहे, तितकेच तिच्या विकासाच्या कार्यक्रमाचेही आहे.

आधी नियम, कारण त्यांच्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. २०२२ पासून डाउनफोर्सचा, म्हणजे हवेने गाडीला रस्त्यावर दाबणाऱ्या बलाचा, मोठा वाटा पंखांकडून तळाकडे गेला. तळाखाली दोन्ही बाजूंना व्हेंचुरी बोगदे आले. हवा पुढून रुंद तोंडाने शिरते, मधल्या अरुंद भागात वेग घेते, तिथे दाब पडतो आणि गाडी रस्त्याकडे खेचली जाते. गाडी जमिनीच्या जितकी जवळ, तितका हा ओढा जास्त, अर्थात एका मर्यादेपर्यंत. याच वर्षी चाके १३ वरून १८ इंचांवर गेली. टायरच्या बाजूची भिंत बुटकी झाली आणि टायरमधून मिळणारी लवचीकता घटली. याच नियमावलीने सस्पेंशनमधले इनर्टर आणि हायड्रॉलिक हीव्ह घटकही काढून टाकले. गाडीची पूर्ण वर-खाली हालचाल आवरायला अभियंते वर्षानुवर्षे जी हत्यारे वापरत होते, ती नेमकी त्यांची सर्वात जास्त गरज असलेल्या वर्षी हातातून गेली. मास डॅम्पर तर २००६ पासूनच बंद आहेत.

इंजिन सुधारून भरपाई करण्याची वाटही नव्हती. १ मार्च २०२२ ला ज्वलन इंजिन, टर्बो आणि एमजीयू-एच (टर्बोतून वीज काढणारे यंत्र) गोठवले गेले, आणि १ सप्टेंबरला बॅटरी, एमजीयू-के (ब्रेक लावताना वीज काढणारे यंत्र) व नियंत्रण इलेक्ट्रॉनिक्स. किमान वजन आधी ७९५ किलो ठरले होते. बहुतेक संघांना ते गाठता येईना, तेव्हा मोसमाच्या तोंडावर ते ७९८ झाले.

उरले दोन निर्बंध, आणि माझ्या मते डब्ल्यू १३ चे भवितव्य त्यांनीच ठरवले. पहिला, खर्चाची मर्यादा: २०२२ साठी मूळ आकडा १४ कोटी डॉलर. ड्रायव्हरांचे मानधन, सर्वाधिक पगाराची तीन माणसे आणि जाहिरात यांचा खर्च त्याबाहेर. दुसरा, वायुगतिकी चाचण्यांचा कोटा. साधारण आठ आठवड्यांच्या प्रत्येक कालखंडाला विंड टनेलच्या (मॉडेलवर हवेचा झोत सोडून मापे घेण्याच्या बोगद्याच्या) ३२० फेऱ्या हा पाया. आदल्या वर्षीच्या विजेत्याला त्याच्या ७० टक्के, दुसऱ्याला ७५, आणि असे चढत दहाव्याला ११५. म्हणजे मर्सिडीजला २२४ फेऱ्या, रेड बुलला २४०, फेरारीला २५६ आणि शेवटच्या संघाला ३६८. संगणकावरच्या प्रवाह-गणनेलाही हेच प्रमाण लागू आहे. १ जुलैला ३० जूनच्या क्रमवारीनुसार कोटा बदलतो, म्हणून मोसमाच्या उत्तरार्धात मर्सिडीज ८० टक्क्यांवर, म्हणजे २५६ फेऱ्यांवर आली. सर्वात कठीण कोडे पुढे होते, तेव्हा सर्वात कमी फेऱ्या याच संघाकडे होत्या. या कोट्याची किंमत किती, हे रेड बुलच्या प्रकरणात कळते. २०२१ ची खर्चमर्यादा ओलांडल्याबद्दल त्यांना ७० लाख डॉलरचा दंड झाला आणि चाचण्यांत १० टक्के कपात झाली. संघाने जाहीरपणे जास्त दुःख व्यक्त केले ते कपातीचे.

आता गाडी. फेब्रुवारीत बार्सिलोनाला आलेली डब्ल्यू १३ नेहमीच्या वळणाची होती. मार्चमध्ये बहारीनच्या चाचणीला आली ती वेगळीच: बाजू जवळजवळ नाहीशा, रेडिएटरची तोंडे उभी आणि अरुंद. वरच्या बाजूचा आघात झेलणारा खांब साइडपॉडमध्ये लपवण्याऐवजी वेगळा काढून, त्यावर पंखासारखे आवरण चढवून, आरशालगत बाहेर ठेवलेला. नियमांची शब्दरचना बारकाईने वाचल्याशिवाय असा उपाय सुचत नाही, आणि या कल्पकतेला दाद द्यायलाच हवी. हेतूही स्पष्ट होता. बाजू जितक्या आत, तितकी मागच्या भागाकडे जाणारी हवा मोकळी आणि डिफ्यूझरवरचा (तळाच्या मागे वर चढणाऱ्या भागावरचा) प्रवाह स्वच्छ. टनेलमधल्या आकड्यांत ही गाडी उत्तम होती. मात्र ते आकडे गाडी जमिनीला जवळजवळ चिकटून धावते असे धरून आलेले होते.

ट्रॅकवर काय झाले ते क्रमाने पाहू. सरळ रस्त्यावर वेग वाढतो. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून गाडी खाली दबते. तळ जमिनीजवळ येतो, ओढा आणखी वाढतो, गाडी आणखी दबते. एका क्षणी फट इतकी कमी होते की बोगद्यातला प्रवाह कोंडतो आणि तळाच्या कडेला भोवऱ्यांनी धरलेली सील तुटते. डाउनफोर्स एकदम पडतो. दबलेले टायर आणि स्प्रिंग गाडीला वर फेकतात. फट वाढताच प्रवाह पुन्हा जुळतो आणि चक्र नव्याने सुरू होते. हे सेकंदाला पाच-सहा वेळा. यालाच पॉर्पोइझिंग म्हणतात. हेलकाव्यांची ऊर्जा हवेतून येते, रस्त्याच्या खडबडीतून नाही, त्यामुळे गुळगुळीत ट्रॅकवरही ते थांबत नाहीत.

डब्ल्यू १३ मध्ये यासोबत दुसरा त्रास होता आणि दोन्हींची गल्लत सर्रास होते. वायुगतिक हेलकावे कमी केले, तरी गाडी इतकी खाली आणि इतकी कडक होती की रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर तळाखाली नियमाने बसवलेली फळी आपटत होती. हा दोष सस्पेंशनचा आणि उंचीचा. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला बिघडवतो. हेलकावे रोखायला स्प्रिंग कडक करा, तर गाडी उंचवट्यांवर जास्त आपटते आणि ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर उडते. स्प्रिंग मऊ करा, तर वेगात ती जास्त दबते आणि हेलकावे परत येतात. उंची वाढवली तर दोन्ही त्रास कमी होतात, पण डाउनफोर्स जातो, आणि ही गाडी तर कमी उंचीसाठीच आखलेली. मेमधल्या बार्सिलोनाच्या शर्यतीपासूनच्या सगळ्या अपग्रेडमागे हे त्रांगडे होते.

टनेलला हे का दिसले नाही? नियमानुसार मॉडेल जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचे आणि हवेचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ५० मीटर. आकार आणि वेग यांचा गुणाकार केला तर प्रवाहाच्या दृष्टीने ही चाचणी पूर्ण आकाराच्या गाडीच्या सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाशी जुळते. हेलकावे सुरू होतात त्याच्या दुप्पट-अडीचपट वेगावर. शिवाय टनेलमधले मॉडेल दांड्यावर घट्ट धरलेले असते. उंची एकेक पायरीने बदलून प्रत्येक पायरीवर बल मोजतात. खरी गाडी मात्र टायर, स्प्रिंग आणि हवा यांच्या त्रिकुटात झुलत असते. टायरचा मऊपणा, तळाच्या कार्बनची वाकण्याची सवय, प्रवाह तुटून पुन्हा जुळायला लागणारा क्षण, हे काहीच त्या दांड्यावर उतरत नाही. मॉडेल फार खाली नेले तर खालचा फिरता पट्टा खराब होण्याचा धोका, म्हणून अगदी कमी उंचीची मापेही विरळ असतात. मोसमाआधी प्रत्यक्ष ट्रॅकवरच्या चाचणीला मिळाले एकूण सहा दिवस.

झिरो-पॉडचा संबंध इथे येतो, पण आडून. बाजू आत ओढल्या की तळाचा मोठा रुंद पत्रा वरच्या आधाराशिवाय बाहेर राहतो. वेगात त्याची कड खाली वाकते, कड वाकली की सील घट्ट होते, ओढा वाढतो आणि हेलकावे लवकर सुरू होतात. पत्रा जाड करून ताठ करता येतो, त्याची किंमत वजनात मोजावी लागते, आणि सुरुवातीला ही गाडी वजनमर्यादेच्या वरच होती. १० किलो म्हणजे फेरीला साधारण ३ दशांश सेकंद हा धंद्यातला जुना हिशेब. तळ आणि अंगाला जोडणारी बारीक धातूची सळई, म्हणजे स्टे, लावायला मोसम सुरू होण्याआधीच परवानगी मिळाली होती. तिने कड थोडी आवरली, मूळ कारण राहिलेच.

बाकूच्या सरळ रस्त्यावर, १२ जूनला, परिणाम सगळ्यांनी पाहिला. शर्यत संपल्यावर हॅमिल्टनला पाठीच्या दुखण्याने गाडीतून नीट उतरताही येत नव्हते. शर्यतीच्या निकालात मात्र तो चौथा आणि संघातला दुसरा ड्रायव्हर जॉर्ज रसेल तिसरा. ही विसंगती या गाडीच्या स्वभावात होती. रसेल पहिल्या नऊही शर्यतींत पहिल्या पाचांत होता. यांत्रिक विश्वासार्हता, पिटमधली शिस्त, टायर जपण्याची ताकद यांत या संघाने कुठे कसर ठेवली नाही. त्या वर्षी दोघांचे मिळून १७ पोडियम (पहिल्या तिनांतली स्थाने) झाले. इतक्या अडचणीच्या गाडीतून इतके गुण काढणे हे मोठे काम आहे, आणि आकड्यांच्या तक्त्यात ते झाकले जाते.

कॅनडाच्या शर्यतीआधी एफआयएने, म्हणजे खेळाच्या नियामक संस्थेने, तांत्रिक निर्देश ३९ काढला. उभ्या दिशेच्या हेलकाव्यांची ऊर्जा मोजायची आणि ती १०० किलोमीटरला प्रति किलो १० ज्यूलच्या आत ठेवायची, अशी मर्यादा आली. फळी किती लवचीक असू शकते तेही घट्ट केले. अंमल ऑगस्टअखेर बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीला. मर्सिडीजने कॅनडात शुक्रवारी दुसरी स्टे लावून पाहिली, इतर संघांनी हरकत घेतली आणि ती काढावी लागली. या निर्देशाने मर्सिडीजचे नशीब उजळेल असा बोलबाला झाला होता, आणि स्पाला तो फोल ठरला. पात्रता फेरीत हॅमिल्टन रेड बुलच्या व्हर्स्टॅपेनपेक्षा १.८ सेकंद मागे होता. स्पाला लांब सरळ रस्ते आहेत आणि गाडीला ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, जास्त. हवा थंड, आणि टायर तापवणे या गाडीला जमत नसे. तिथे चढही आहेत आणि चढाच्या पायथ्याशी गाडी दबते, त्यामुळे सुरक्षित उंची वाढवावी लागते. एकाच ट्रॅकवर सगळे दोष एकत्र आले.

अपग्रेडचा प्रवास सांगायचा तर मे महिन्यातले बार्सिलोना हे पहिले खरे वळण. तळाच्या बदलांनी सरळ रस्त्यावरचे हेलकावे स्पष्टपणे कमी झाले. रसेल तिसरा आला, आणि पहिल्याच फेरीत धडक बसून जवळजवळ शेवटी फेकला गेलेला हॅमिल्टन पाचव्या स्थानापर्यंत परत चढला. तो वेग खरा होता. जुलैअखेर हंगेरीत रसेलने १ मिनिट १७.३७७ सेकंदांत पोल घेतला. स्पानंतर आठवड्याभरात नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टला, जिथे डाउनफोर्स लागतो आणि सरळ रस्ते कमी, हीच गाडी विजयाच्या शर्यतीत होती. ऑस्टिनला नवा पुढचा पंख आला. त्याच्या फटींत बसवलेल्या छोट्या पट्ट्यांच्या वैधतेवर प्रश्न आले आणि तो शर्यतीत वापरलाच नाही. मेक्सिकोत तो पट्ट्यांशिवाय उतरला. कडक मर्यादेत अशी घटना महाग पडते. टनेलच्या फेऱ्या, साचे, कार्बन आणि ऑटोक्लेव्हचा (कार्बन पक्का करणाऱ्या भट्टीचा) वेळ आधीच खर्च झालेला असतो, आणि त्यातला काहीच भाग परत मिळत नाही. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या इंटरलागोसला स्प्रिंट, म्हणजे आदल्या दिवसाची छोटी शर्यत, रसेलने जिंकली आणि दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यतही. हॅमिल्टन दुसरा. ट्रॅकची उंची जास्त, हवा विरळ, म्हणून ड्रॅगचा तोटा कमी. मध्यम वेगाची वळणे या गाडीला मानवणारी.

माझी खरी तक्रार २०२३ ची आहे. डब्ल्यू १३ बिघडणे समजण्यासारखे आहे, तिचाच विचार डब्ल्यू १४ मध्ये नेणे पटत नाही. इंटरलागोसच्या विजयाने चुकीचा दिलासा दिला असावा असे वाटते. त्या हिवाळ्यात एफआयएने तळाच्या कडा १५ मिलिमीटरने उचलायला लावल्या, डिफ्यूझरचा घसा वर नेला आणि हेलकावे मोजायला सेन्सर सक्तीचा केला. म्हणजे कमी उंचीवर मिळणारा जो फायदा हा आराखडा शोधत होता, तो नियमानेच आणखी दूर गेला. वजन वाचवायला रंग खरवडून गाडी काळी ठेवली, पण बाजू तशाच चिंचोळ्या राहिल्या. बहारीनच्या पहिल्याच पात्रता फेरीनंतर संघप्रमुख टोटो वुल्फ यांनी ही दिशा चालणार नाही हे उघडपणे मान्य केले. एप्रिलमध्ये जेम्स अ‍ॅलिसन तांत्रिक प्रमुख म्हणून परतले आणि माइक इलियट मुख्य तंत्रज्ञ झाले.

दिशा बदलायची म्हटली तरी मोसमाच्या मध्यात काय काय बदलता येते? तळ, अंगाची आवरणे, सस्पेंशनचे हात बदलता येतात. आघात झेलणारा खांब मोनोकॉकला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, जोडलेला असतो. त्याची जागा हलवायची तर मोनोकॉक नवा, क्रॅश टेस्ट पुन्हा, आणि खर्चमर्यादेत मोठे भगदाड. गिअरबॉक्सची लांबी आणि ड्रायव्हरची बसण्याची जागाही तशीच जखडलेली. हॅमिल्टन २०२३ मध्ये वारंवार सांगत होता की आपण पुढच्या चाकांच्या फार जवळ बसतो, त्यामुळे मागचा भाग कधी सुटेल ते उशिरा कळते. या तक्रारीवर त्या वर्षी उपायच नव्हता. मोनॅकोला आलेल्या मोठ्या अपग्रेडमध्ये (इमोलासाठी ठरला होता, पुरामुळे ती शर्यत रद्द झाली) रुंद साइडपॉड, नवा तळ आणि वरच्या विशबोनचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दुपायी हाताचा) पुढचा पाय उंच केलेले पुढचे सस्पेंशन होते. शेवटचा बदल ब्रेक लावताना नाक खाली दबणे रोखण्यासाठी. ज्या गाडीचा डाउनफोर्स तळाच्या उंचीवर टांगलेला आहे, तिच्यात नाक स्थिर ठेवणे हेच मोठे वायुगतिक काम आहे, आणि रेड बुलने ते २०२२ पासूनच केले होते. त्यांच्या आरबी १८ या गाडीने २२ पैकी १७ शर्यती जिंकल्या. तिच्या उघड दिसणाऱ्या साइडपॉडची सगळ्यांनी नक्कल केली. तिचे सस्पेंशन मात्र फार थोड्यांनी नीट वाचले.

मोनॅकोच्या पुढच्याच शर्यतीत, बार्सिलोनाला, हॅमिल्टन दुसरा आणि रसेल तिसरा आला. वर्षअखेर ४०९ गुणांसह, फेरारीपेक्षा अवघ्या तीन गुणांनी पुढे, संघ दुसरा, पण एकही विजय नाही. ऑस्टिनला तर दुसरे स्थान मिळवलेला हॅमिल्टन फळी जास्त झिजल्यामुळे बाद झाला. फळी १० मिलिमीटरची असते आणि झिजून ९ च्या खाली गेली तर गाडी अवैध. उंची कमी ठेवण्याचा मोह आणि झिजेची मर्यादा यांच्यामधली जागा किती अरुंद असते, हे यातून कळावे.

२०२४ च्या डब्ल्यू १५ मध्ये बसण्याची जागा मागे सरकली आणि मागचे सस्पेंशन पुशरॉडचे (ढकलणाऱ्या दांड्याचे) झाले. मोनॅकोपासून आलेल्या नव्या पुढच्या पंखाने कमी व जास्त वेगाच्या वळणांतला तोल जुळवला. ऑस्ट्रिया, सिल्व्हरस्टोन, स्पा आणि लास व्हेगास, असे चार विजय मिळाले. तरीही स्पाला आणलेला नवा तळ शुक्रवारनंतर काढून जुना लावावा लागला. टनेल आणि ट्रॅक यांचे अजूनही पूर्ण जुळले नव्हते.

फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्या बनवणारे आपल्याकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. तुमच्या वेगाला पॉर्पोइझिंगची चिंता नाही. पण तळ किंवा पंखाचे आकडे काढताना एकाच उंचीवरचा सर्वोच्च आकडा धरू नका. ब्रेक, वळण आणि पूर्ण टाकी-रिकामी टाकी या सगळ्यांत गाडीची उंची कुठून कुठे हलते ते आधी मोजा. मग त्या पूर्ण पट्ट्यात सरासरी चांगला असणारा आकार निवडा, आणि तळाची कड हाताने दाबून किती वाकते ते ट्रॅकवर जाण्याआधी मोजा.

डब्ल्यू १३ समजून घ्यायची तर २०२२ च्या तीन शर्यती गाडीतल्या कॅमेऱ्यातून पाहा. बाकूचा सरळ रस्ता: हेल्मेट किती वेगाने हलते ते मोजा, आणि ब्रेक लागताच हलणे लगेच थांबते हे टिपा. झांडव्होर्ट: हार्ड टायरवर गाडी किती शांत आहे ते बघा. आणि इंटरलागोस, शेवटच्या सेफ्टी कारनंतरच्या फेऱ्या, जिथे मागून हॅमिल्टनचा दबाव असताना रसेल प्रत्येक वळणात एकाच रेषेवर गाडी ठेवू शकतो.